दसऱ्याआधीचा साकव

“साहेब, पॅन्ट इथेच दुमडून घ्या,” मी म्हणालो. “पुढच्या वळणाला वहाळ आहे. पाणी मांडीपर्यंत असेल. बूट हातात धरा आणि मी पाय ठेवीन तिथेच पाय ठेवा. दगड शेवाळलेले आहेत.”

अरगडे साहेब वाटेवरच्या एका काजूला हात टेकून उभे राहिले. त्यांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि पॅन्ट गुडघ्याच्या वर नीट घड्या घालून दुमडली. ते शिक्षण खात्यातले विस्तार अधिकारी. देशावरून आमच्याकडे बदलून आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. जीप आडखोलला सोडून आम्ही चालत निघालो होतो, कारण रस्ता आडखोललाच संपत होता.

“मुलांना रोज यातून जावं लागेल?”

“समायोजन झालं तर रोज. आता पाणी उतरलंय साहेब. आषाढ-श्रावणात मोठा माणूससुद्धा पाण्यात पाय घालत नाही. जोराचा पाऊस लागला की वाडी पलीकडे आणि सगळं जग अलीकडे.”

“मग तुमचं काम सोपं आहे,” साहेब म्हणाले. “नैसर्गिक अडथळा असेल तर शाळेला सूट, असं पत्रात स्पष्ट आहे.” मग स्वतःशीच हसले. “म्हणजे, त्यातल्या त्यात स्पष्ट. पहिल्या पत्रात ‘शाळा बंद’ होतं. लोक ओरडले. दुसऱ्यात ‘समायोजन’ आलं. तिसऱ्यात ‘समूह शाळा’. अडथळा कशाला म्हणायचं, अंतर पायवाटेने मोजायचं की नकाशावर, हे मी वर विचारलं. तर म्हणाले, ‘तुम्ही बघा आणि तुमच्या जबाबदारीवर लिहा.’”

आमची शाळा भुवडवाडीची. पहिली ते चौथी, एक खोली, एक मास्तर, आणि तो मास्तर मी. वीसच्या आत पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं जिल्ह्याने ठरवलं होतं आणि आमचा पट वीसच्या पुष्कळच आत होता. आमची मुलं आडखोलला जायची होती. वाडीने ठराव केला होता. बायका भातलावणीचा एक दिवस मोडून पंचायत समितीच्या व्हरांड्यात बसून आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं, ‘हे आमच्या हातात नाही, जिल्ह्याला जा.’ जिल्ह्याला सांगितलं गेलं, ‘तालुक्याचा अहवाल आल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही.’ तो अहवाल लिहिणारा माणूस शेवटी आज बूट हातात धरून माझ्या मागे चालत होता. मला मनातून हलकं वाटत होतं. मी तीन दिवस तालुक्याला प्रशिक्षणाला होतो आणि तिथूनच त्यांच्याबरोबर निघालो होतो. माझ्या मते आता दाखवायला काही उरलं नव्हतं. वहाळ स्वतःच बोलला असता.

आम्ही वळण घेतलं.

वहाळावर साकव उभा होता.

मी चौदा पावसाळे त्या वाडीत काढले होते, पण असा साकव पाहिला नव्हता. पात्रात जाड मेढी रोवलेल्या, त्यांच्या बुडाशी दगड रचलेले, वर आईनाचे दोन लांब सोट आणि त्यांवर चिव्याच्या काठ्या एकाला एक लावून सुंभाने करकचून आवळलेल्या. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा. दोन्ही टोकांना आंब्याचे टहाळे. आणि पलीकडच्या काठावर सगळी वाडी. पुढे आरतीचं ताट घेतलेल्या बायका, मागे गणपतीला आलेले आणि अजून मुंबईला न परतलेले चाकरमानी, आणि मध्ये माझी मुलं, तेल लावून भांग पाडलेली.

“या साहेब, या!” पलीकडून हाक आली. “बिनघोर या! हत्ती चालवलात तरी हलायचा नाय!”

ती हाक भागोजी भुवडांची. ते वाडीचे गावकर. सत्तरीच्या पुढचे, सडपातळ, कानाला भिकबाळी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा आणि कुठल्याही कामात शेवटचा शब्दही त्यांचाच. सगळे त्यांना आबा म्हणत.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते अनवाणी, दुमडलेल्या पॅन्टने, बूट हातात घेऊन साकवावरून चालत गेले. खालून पाणी जोरात वाहत होतं आणि साकव खरंच तसूभर हलला नाही.

आरती झाली, हातात नारळ दिला गेला. आबा साहेबांचे पाय निरखत होते. “पाय भिजलं नाय ना? मी यांना बोललो, सरकारचा मानूस आपल्या दारात येतो. त्याचं पाय भिजलं तर भुवडवाडीची अब्रू काय ऱ्हायली?”

“पण आबा,” माझा आवाज मलाच वेगळा वाटला, “साकव तर दसऱ्यानंतर घालतात.”

“घालतात ना! आजपातूर दसऱ्याच्या आदी कदी घातला नाय. पानी जोरात असतं, मेढ धरत नाय. पण ही मुंबयची पोरं बोलली, आबा, आमी पान्यात उभी ऱ्हातो. दोन दिवस कमरेपातूर पान्यात व्हती. म्या नारळ दिला, राखनदाराची माफी मागितली, आनि घातला.”

“दोरी मी वळली!” दुसरीतला सोहम मध्येच ओरडला. “गुरुजी, ती तिकडची, कठड्याची!”

“छान वळली आहेस,” मी म्हणालो.

गर्दीत सुलभा उभी होती. सुलभा माटल ही शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. दहावी झालेली, माहेर भुवडवाडीतच असल्यामुळे कुणालाही फाडकन बोलणारी, आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यात बायकांना नेऊन बसवणारी हीच. तिने माझा चेहरा पाहिला, मग साहेबांच्या दुमडलेल्या पॅन्टकडे पाहिलं, मग साकवाकडे. तिच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि कुंकू खाली सांडलं. तिला कळलं होतं.

शाळेत साहेब तासभर होते. माणूस चांगला होता. मुलांमध्ये खाली चटईवर बसले. चौथीतल्या प्रणालीला, सुलभाच्या मुलीला, त्यांनी धडा वाचायला लावला. ती वाचत असताना पहिलीतली दोन पोरं तिच्या तोंडाकडे बघत ओठ हलवत होती. आमच्या शाळेत हे असंच चाले. मोठं मूल वाचायचं आणि लहान मूल त्याच्या तोंडातून शब्द उचलायचं. मी फक्त एखादा अडलेला शब्द सोडवायला.

“मोठ्या शाळेत जायला आवडेल का?” साहेबांनी विचारलं. “तिथे कॉम्प्युटर आहे. मोठं मैदान आहे. तुझ्या वर्गात वीस-पंचवीस मुली असतील.”

प्रणालीने विचार केला. “कबड्डीला बऱ्या पडतील,” ती म्हणाली. “पण पाणी वाढलं की आम्ही तिकडेच राहायचं?”

“पाणी वाढलं की शाळेत यायचंच नाही.”

“मग पावसाळाभर नाहीच यायचं,” ती म्हणाली. हिशेब जमल्यासारखी मान हलवून तिने पुस्तक मिटलं.

जेवायला साहेबांना सुलभाच्या पडवीत बसवलं. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी. आबा समोर बसले होते, खुशीत. वाढणारी बाई पुन्हा पुन्हा आग्रह करत होती. साहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“गुरुजी,” शेवटी ते म्हणाले, “आता मी काय लिहू?”

“काय लिहू म्हंजे?” आबा म्हणाले.

साहेबांनी पिशवीतून छापील कागद काढला आणि आबांसमोर धरला. आबांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. “नैसर्गिक अडथळा आहे किंवा नाही. असल्यास त्यावर पूल आहे किंवा नाही. पूल असेल, तर अडथळा धरायचा नाही. मी पुलावरून आलो, आबा. कोरड्या पायांनी.”

“त्यो काय पूल हाय?” आबा हसले. “त्यो साकव. पयल्या मोठ्या पावसात वहाळ घेऊन जातो. दर साली घालतो, दर साली जातो.”

“मला ठाऊक आहे. पण पूल कशाला म्हणायचं, ते पत्रात नाही. मी मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका वाडीसाठी वर विचारलं होतं. उत्तर आलं, माणूस पायांनी पलीकडे जातो ना, मग तो पूल. पावसाळ्यात नसतो, हे लिहायला इथे जागाच नाही.”

“मग समासात लिवा.”

“समासातलं कुणी वाचत नाही, आबा.”

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. थोडा वेळ ते तिथेच राहिलं, जसं काही अजून त्यांना निरोप पोचला नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हंजे, आमी साकव घातला म्हून शाळा गेली?”

“मी अजून काही लिहिलेलं नाही,” साहेब म्हणाले.

सुलभा चौकटीला टेकून उभी होती. “साहेब, कागद कधी भरणार?”

“भरायचा तर आजच. तारीख आजचीच घालायची आहे.”

“इथे भरणार की गाडीत?”

साहेबांनी वर पाहिलं. “गाडीत,” ते म्हणाले. “पलीकडे गेल्यावर. जाताना पुन्हा एकदा वाट बघेन, आणि मग भरेन.”

सुलभा आबांकडे वळली. “आबा, साकव काढूया.”

“गप.”

“आत्ता. साहेब भात खाईपर्यंत.”

“गप ऱ्हा, सुलभे! तोंड सांभाळ!” आबा उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. “नारळ दिलाय म्या. नारळ दिलेला साकव मानूस काढत नाय. वहाळानं घ्यायचा असतो त्यो. माज्या बापानं काढला नाय, आज्यानं काढला नाय. एका साली साकवावरनं पडून दोन मानसं बुडाली व्हती, तवा बी कुनी हात लावला नाय.”

“शाळा बंद झाली तर पोरं कुठे बसतील आबा? तुमच्या नारळावर?”

“सुलभा,” मी म्हणालो.

“मी बोलणार गुरुजी. मी चौथीपर्यंत या शाळेत शिकले म्हणून पुढे मावशीकडे राहून दहावी झाले. तेव्हा ही शाळा बंद असती तर मी गेले असते का कुठे? आणि ही माझी पोर,” तिने प्रणालीकडे बोट केलं, “पुढच्या साली पाचवीला जाईल. तिचं होईल काहीतरी. पण तिच्या मागची ती पहिलीतली दोन बारकी? त्यांची आई त्यांना या पाण्यात पाठवील? घरात बसवून ठेवील. गुरं राखतील. आबा, तुम्हाला वाचता येत नाही. साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा तुम्हाला कळलं, कागदात काय आहे.”

हे बोलणं फार लागेलसं होतं. पडवीतल्या बायकांनी खाली बघितलं. आबा पायऱ्या उतरले आणि वहाळाच्या दिशेने चालू लागले.

आम्ही सगळे मागून गेलो. कुणी कुणाला चला म्हणालं नाही. साहेबही हात धुऊन निघाले, बूट त्यांनी पुन्हा हातात घेतले होते.

आबा साकवाच्या टोकाशी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. एरवी गाऱ्हाण्यात त्यांचा आवाज खणखणीत असे. त्या दिवशी मला पुढे होऊन ऐकावं लागलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या वहाळाच्या राखनदारा…”

“व्हय म्हाराजा,” मागून लोक म्हणाले.

“आज तुज्या लेकरांनी तुज्यावर साकव घातला. तुला नारळ दिला. त्यो तुजा हाय, आमचा नाय…”

“व्हय म्हाराजा!”

“तुज्या हाताचं काम आज आमी आमच्या हातानं करतो. काय चूक-अपराध असंल त्यो ह्या भागोजीच्या माथी घे. लेकरांच्या माथी घेऊ नको. त्यांची शाळा सांभाळ…”

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला लोकांना थोडा वेळ लागला. आधी बायका म्हणाल्या. मग सगळे.

आबांनी शेजारच्या एका चाकरमान्याच्या हातातली कोयती घेतली आणि कठड्याचा पहिला सुंभ तोडला. तो सोहमने वळलेला. सोहम तोंडातून आवाज न काढता रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं.

बांधायला दोन दिवस लागलेला साकव उतरवायला फारसा वेळ लागला नाही. ज्यांनी पाण्यात उभं राहून तो बांधला होता तीच माणसं पुन्हा पाण्यात उतरली. काठ्या वाहून गेल्या. सोट ओढून काठावर आणले. मेढी मात्र घट्ट बसल्या होत्या, त्या हलवून हलवून उपटाव्या लागल्या. साहेब पाठ करून माडाकडे बघत उभे होते. सगळं संपल्यावर त्यांनी वळून विचारलं, “निघू या?”

“चला,” आबा म्हणाले आणि त्यांनी साहेबांचं मनगट धरलं.

आम्ही तिघे उतरलो. उपटलेल्या मेढींमुळे तळ उकरला गेला होता, पाणी नेहमीपेक्षा गढूळ आणि जास्त खोल लागत होतं. मध्यावर साहेबांचा पाय सटकला. ते छातीपर्यंत आत गेले, हातातला एक बूट सुटून वाहत गेला. आबांनी मनगट सोडलं नाही. पलीकडे पोचल्यावर साहेब काठावर बसून धापा टाकत होते. भिजलेल्या केसांतून पाणी गळत होतं. पिशवी मी डोक्यावर धरली होती, ती मी त्यांना दिली.

त्यांनी गाडीपर्यंत वाट पाहिली नाही. तिथेच दगडावर कागद ठेवून लिहिलं आणि आबांना वाचून दाखवलं. “नैसर्गिक अडथळा, आहे. पूल, नाही.”

“शाळा ऱ्हायली?” आबांनी विचारलं.

“या वर्षी राहिली.”

“आनि फुडल्या?”

साहेबांनी कागद पिशवीत घातला. “दरवर्षी पाहणी होणार आहे, आबा.”

“कवा?”

“ते पत्रात नाही.”

“दसऱ्याच्या आदी का मागनं?”

“कधीही. मी येईन की दुसरं कुणी, तेही मला माहीत नाही. जो येईल त्याला जे दिसेल, ते तो लिहील.” ते उठले, आणि उरलेला एक बूट हातात घेऊन अनवाणीच आडखोलच्या वाटेला लागले.

आबा तिथेच उभे राहिले. मला वाटतं, त्यांना सगळं तिथेच कळलं. मला कळायला दसरा उजाडावा लागला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रिवाजाप्रमाणे, वाडीतले पुरुष कोयत्या आणि सुंभ घेऊन वहाळावर जमले. पाणी उतरलं होतं. सोट काठावरच पडून होते, पुन्हा तोडायचीही गरज नव्हती. आबा आले, नारळ न घेता.

“घरी जावा,” ते म्हणाले. “शाळा हाय तवर साकव नाय.”

कुणी वाद घातला नाही. फक्त एकाने विचारलं, “आनि भाताची पोती गिरणीवर न्यायची कशी?”

“डोक्यावर.”

त्या वर्षी तसंच झालं. पुढच्याही वर्षी. पाहणीला एकदा पौषात कुणी तरी आलं, तेव्हा वहाळात घोटाभर पाणी होतं, त्याने ‘पूल नाही’ लिहिलं आणि चहा पिऊन गेला. दोन वर्षं कुणीच आलं नाही. पण कधी येईल हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणी साकव घातला नाही. आजाऱ्याला खुर्चीत बसवून चार जण उचलून न्यायचे. बाळंतीण होणारी बाई महिना आधीच आडखोलला कुणाच्या तरी घरी जाऊन राहायची. तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात आबाच भाताचं पोतं घेऊन पाण्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा नीट चालले नाहीत.

मी त्यांना भेटायला जायचो तेव्हा ते शाळेच्या बाजूला तोंड करून पडवीत बसलेले असत.

“आबा,” मी एकदा म्हणालो, “यंदा घालू या साकव. कोण येतंय बघायला?”

“गुरुजी, तुमी साळंत येवडी वर्सं शिकीवलंत, आनि आमाला आसं इचारता? ज्या साली घालू त्याच साली येनार.” मग जरा वेळाने म्हणाले, “तुमची पोरं पाढं चुकत्यात. काल सात आठे चोपन बोलली.”

“तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर पाढे येत नाहीत.”

“येत नव्हतं. तीन वर्सं हितं बसून ऐकतोय. आता पंधरापातूर येतंय. सात आठे छप्पन.”

निवडणुकीच्या आधी एक पुढारी काँक्रीटचा पूल मंजूर करून देतो म्हणून आला होता. ग्रामसभेत सुलभा उभी राहिली. “पूल द्या,” ती म्हणाली, “पण पूल झाल्यावरही शाळा राहील, एवढं लेखी द्या.” त्याने जिल्ह्याला विचारतो म्हणून सांगितलं. जिल्ह्याने सांगितलं असावं, तालुक्याला विचारा. तो पुन्हा आला नाही. लोकांनी पूल नाकारला, असं त्याने बाहेर सांगितल्याचं पुढे ऐकलं. तेही काही खोटं नव्हतं.

मी जुलैच्या अखेरीला निवृत्त झालो. दोन दिवस उघडीप होती, तरी वहाळ छातीभर होता. वाडीने मला एका शब्दाने न विचारता काठापासून काठापर्यंत माणसांची साखळी धरली. बाप्ये मधल्या ओढीत, बायका काठांजवळ, हातात हात घालून. माझी ट्रंक एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेली. मग मी उतरलो. एकेका हाताने मला पुढच्या हातात दिलं. त्या हातांमध्ये माझ्या हाताखाली शिकलेले कितीतरी होते. सोहमला आता मिसरूड फुटलं होतं, त्याने मला मध्यावर धरलं आणि म्हणाला, “सावकाश गुरुजी, इथे खड्डा आहे.”

पलीकडच्या काठावर माझ्या जागी आलेल्या नव्या बाई उभ्या होत्या. तरुण, खांद्याला पर्स, हातात नवी छत्री. पायातल्या सँडल काढाव्यात की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्या पाण्यातल्या माणसांकडे घाबरून बघत होत्या. मी निथळत वर आलो, तशा त्या पुढे झाल्या.

“सर, इथे पूल का नाही?”

“शाळा आहे म्हणून,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. त्या हसल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग पाण्यात उभ्या असलेल्या त्या रांगेकडे. साखळी अजून सुटली नव्हती. सगळे तसेच हात धरून उभे होते. काठाला सर्वांत जवळ सुलभा होती, कमरेपर्यंत पाण्यात, तिने मोकळा हात वर धरला होता.

“या बाई,” ती म्हणाली. “पोरं कधीची बसलीत.”

बाईंनी सँडल काढल्या आणि तो हात धरला.